फुटणारी गोळी

इथे आखातात, अल मनखूलमधले माझे शेजारी, रत्नागिरीचे चाचा, शिकारीच्या सामानाच्या दुकानात रायफलच्या गोळ्या विकतात. मी धातुशास्त्र शिकलेली, म्हणून भेटले की समजावतात, "पोरी, गोळी आत जाऊन फुलली पाहिजे, फुटता कामा नये. फुटली तर जनावर जखमी होऊन पळतं."

आफ्रिकेला निघालेल्या एका गिऱ्हाइकाने हलकी, वेगवान, म्हणजे लवकर फुटणारी गोळीच मागितली. मालक शेजारी उभे होते. चाचांनी एरवीसारखा वाद घातला नाही. परत आल्यावर गिऱ्हाईक हसत म्हणाले, "रानरेड्याला लागली, पण पळाला. जाऊ दे, खलास, हबीबी!"

तेव्हापासून चाचा मला एवढेच विचारतात, "लवकर मेला असेल ना गं?"

गोळी जाड खांद्यातच फुटली असणार आणि रेडा कित्येक दिवस तडफडला असणार, हे मला कळते.

"हो चाचा, लगेच," मी म्हणते.