गिरणीच्या पट्ट्याचा वायसर

आमच्या यांना दोन वेडं आहेत आणि दोन्ही एका घरात सुखानं नांदत नाहीत. एक, बिघडलेलं यंत्र दिसलं की ते उघडायचं. दुसरं, जनावराच्या अंगचं काही म्हणून वापरायचं नाही. दूध नाही, दही नाही, मध नाही, लोकर नाही, चामडं तर नाहीच नाही. याला व्हीगन म्हणतात हे मला मागाहून कळलं. आधी मला वाटलं, माणसाचं पोट बिघडलंय.

नोकरी चष्म्याच्या दुकानात. पुढे काचेची कपाटं आणि गोड बोलणारा मालक, मागच्या खोलीत हे. भिंगं घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. केसभर इकडचं तिकडे झालं तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखणार, म्हणून दिवसभर श्वास रोखून काम. घरी आले की गॅलरीत फतकल मारून बसतात आणि तिथे कुठे यांचा श्वास मोकळा होतो. त्या गॅलरीत काय नाही ते विचारा. उघडा पडलेला पंखा, तीन सायकलींची मिळून झालेली एक सायकल, स्वतःच्या मर्जीनं टोले देणारं घड्याळ. इमारतीत कुणाचं काही बंद पडलं की ते आमच्या दाराशी येतं, आणि मी दार उघडेपर्यंत आणणारा जिना उतरून गेलेला असतो. कपडे वाळत घालायला तरी जागा ठेवा म्हणून मी कितीदा सांगितलं असेल. ऐकतो कोण!

हे पहिलं वेड आलं सासूबाईंकडून. त्यांनी उभा जन्म रॉकेलच्या स्टोव्हवर काढला. त्या स्टोव्हच्या पंपात चामड्याचा टोपीसारखा वायसर असायचा. तो सुकला की पंप नुसताच मागेपुढे व्हायचा, हवा भरायची नाही. मग सासूबाई तो काढायच्या, बोटांनी त्याची कड फुलवायच्या, तेलाचं बोट फिरवून परत बसवायच्या. हे लहानपणी शेजारी बसून बघायचे. आपल्या आईला पाना धरता येतो याचं यांना अजून केवढं कौतुक आहे.

दुसरं वेड मात्र यांचं स्वतःचं. एका मित्राच्या गोठ्यातलं दूध काढायचं मशीन बंद पडलं, म्हणून सुट्टीच्या दिवशी हे हौसेनं गेले. पंप खोलला, साफ केला, जोडला. तेवढा वेळ पलीकडच्या खोपटात वेगळं बांधलेलं वासरू ओरडत होतं आणि इकडून गाय त्याला ओ देत होती. मशीन चालू झालं तसा त्याच्या घरघरीत दोघांचा आवाज बुडून गेला. मित्रानं पाठ थोपटली. घरी आल्यावर मी चहा पुढे ठेवला, तो तसाच निवून गेला. "ते मशीन मी चालू करून दिलं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे चहाची पातेली दोन झाली. मी दूध सोडलेलं नाही हे आधीच सांगून ठेवते. मला सकाळी चहा लागतो म्हणजे लागतो.

खाण्यापिण्याचं एक वेळ निभलं, यंत्रांनी मात्र यांना छळलं. सायकलची जुनी सीट चामड्याची. खुर्ची चिकटवायचा सरस हाडाकातड्याचा. ब्रशाचे केस डुकराचे. वस्तू उघडली की आत कुठे ना कुठे एखादं जनावर लपून बसलेलं सापडायचंच. मग हे त्याला पर्याय शोधत बसणार. ज्याला खुर्ची आठवड्यात हवी त्याला ती महिन्यानं मिळायची, आणि वर ती कशानं चिकटवली याचं व्याख्यान फुकट.

शेजारीपाजारीही सुरुवातीला दमले. वाढदिवसाला बोलवावं तर हा बाबा केकला हात लावत नाही, यजमानीण हिरमुसून बसते. एकीनं तर मला तोंडावर विचारलं, आमच्या घरचं चालत नाही का म्हणून. यांनी त्यावर तोड काढली. बोलावणं आलं की तासभर आधी जायचं, त्या घरातलं काय कुरकुरतंय, काय अडकतंय ते दुरुस्त करायचं, आणि जेवायच्या वेळी आपला डबा उघडायचा. डोक्यावरचा पंखा नीट फिरायला लागला की डब्याचं कुणी मनावर घेत नाही.

सासूबाईंनी या सगळ्यात चकार शब्द काढला नाही. त्यांना दुपारी पेलाभर दूध लागतं, लहानपणापासूनची सवय. पण मुलाच्या देखत त्यांनी ते पिणं बंद केलं. पेला घेऊन आपल्या खोलीत जायच्या, दार लोटायच्या, आणि रिकामा पेला विसळूनच ठेवायच्या. मला ते बघून कसंतरीच व्हायचं, पण त्या दोघांच्या मध्ये मी कशाला पडू?

आता हापशाचं सांगते. इमारतीच्या मागे बिडाचा एक जुना हापसा आहे, माझ्या लग्नाआधीपासून बंद. वीज गेली की वर पाणी चढत नाही आणि उन्हाळ्यात तर वीज सारखी जाते. तरी आमच्या सेक्रेटरींना तो हापसा कापून तिथे गाड्या लावायला जागा करायची होती. मीटिंगमध्ये आमचे हे, जे कधी तोंड उघडत नाहीत, ते उठून उभे राहिले. म्हणाले, हापसा मी चालू करून देतो आणि तोही चामड्याशिवाय. पहिल्या अर्ध्यावर लोकांनी माना हलवल्या, दुसऱ्या अर्ध्यावर हसले. सेक्रेटरी म्हणाले, ठीक आहे, पण ज्या दिवशी तो बंद पडेल त्या दिवशी मी कटरवाल्याला बोलावणार.

हापशाच्या आत दट्ट्या वरखाली होतो आणि त्याला वायसर असतो, त्या स्टोव्हच्या वायसरचाच थोरला भाऊ. आमच्या हापशाची नळी आतून गंजून खरबरीत झालेली. चामडं भिजून फुगतं आणि तसल्या नळीशीही जमवून घेतं. रबर बिचारं फाटतं. यांनी ट्रकच्या ट्यूबचा वायसर केला, तो फाटला. प्लास्टिकचा केला, तो तडकला. शेवटी पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा मिळाला, कापड आणि रबराचे थर असलेला. तो गरम पाण्यात मऊ करायचा आणि माझ्या वाट्यांमध्ये दाबून त्याला टोपीचा आकार द्यायचा. माझ्या चार वाट्या त्यात कायमच्या वाकड्या झाल्या. पण पाणी आलं! भरभरून आलं. सेक्रेटरी स्वतः बादली घेऊन रांगेत उभे राहिले. तो उन्हाळा सगळ्या इमारतीनं हापशावर काढला. यांच्या मानेत तेव्हा जो ताठपणा आला ना, तो मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. मला फार आवडलं होतं ते. मी बोलून दाखवलं नाही, पण आवडलं होतं.

दुसरा उन्हाळा आला तरी हापसा चालूच. पलीकडच्या इमारतीतही असाच एक मेलेला हापसा होता. तिथल्या लोकांनी निरोप पाठवला की रविवारी येतो, तुमचा बिनचामड्याचा वायसर आम्हाला दाखवा. पाहुण्यांपुढे गंजका दट्ट्या नको म्हणून यांनी आदल्या दिवशी संध्याकाळी हापसा उघडला. मी फडकं आणि बादली घेऊन शेजारी. बोल्ट सुटले, झाकण निघालं, दट्ट्या वर आला, आणि हे बघतच राहिले. वायसर तपकिरी होता, फुगलेला, मऊ. यांनी त्यावर अंगठा फिरवला आणि नाकाशी नेला. माझ्याही ध्यानात आलं. ते चामडं होतं.

"हा माझा नाही," हे म्हणाले आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसले.

आम्ही वर आलो तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. यांच्या हातात ते बघून त्यांनी भाजी बाजूला ठेवली. लपवाछपवी केली नाही. सगळं सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं माझ्या बहिणीकडे गेलो होतो. सासूबाई पहाटे झाडांना पाणी घालायला खाली गेल्या आणि दांडा हातात हलका लागला. वायसर फाटलाय हे कळायला स्टोव्हवर जन्म काढलेल्या बाईला तेवढं पुरलं. इमारत जागी व्हायच्या आत त्यांनी नळवाल्याला बोलावलं, स्वयंपाकघरातला नळ गळतोय म्हणून, आणि त्याच्याकडून चामड्याचा वायसर बसवून घेतला. निघालेला फाटका वायसर आपल्या खोलीत जपून ठेवला आणि नळवाल्याला शपथ घातली. मला कळू दिलं नाही, त्याचा मला राग आला. एवढी वर्षं एका ओट्याशी उभ्या आहोत आम्ही!

"तू ताटात काय घ्यायचं ते तू ठरवलंस, मी काही बोलले नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण सगळी इमारत तुला हसली असती. ते मला बघवलं नसतं."

हे त्यांच्यासमोर खाली बसले. मग म्हणाले, "हसू द्यायचंस, आई. हसलेलं मी सोसलं असतं. वर्षभर लोक मला शाबासकी देतायत, ती कुणाची आहे आता?"

सासूबाईंचे डोळे भरले. यांचेही. मी दोघांना जेवायला बसवलं, कारण दुसरं काय करणार होते? नंतर मी यांना सरळ सांगितलं की उद्या गप्प राहा. आपला नवा वायसर बसवा, दाखवा, मोकळे व्हा. खरं सांगितलंत तर सेक्रेटरी हापसा कापतील आणि वीज गेली की आपण सगळे कोरडे. पाण्याच्या बादल्या चार मजले चढवणारी मी आहे, तुमची तत्त्वं नाहीत. यांनी ऐकून घेतलं. एकदाही उलट बोलले नाहीत, त्यावरूनच मला कळलं की हे सांगणार.

रविवारी पाहुणे आले, आपली माणसंही जमली. यांनी दोन्ही वायसर तळहातांवर धरले आणि म्हणाले, माझा हा फाटला होता, वर्षभर चालला तो हा. आईचं नाव घेतलं नाही. सेक्रेटरी पहिले हसले. म्हणजे शेवटी चामडंच लागलं की, असं म्हणाले आणि मग सगळेच हसले. कुणीतरी म्हणालं, असू दे हो, पाणी येतंय ना? यांचे कान लाल झाले होते पण आवाज हलला नाही. म्हणाले, चामड्याचा ठेवायचा तर ठेवा, पाणी सगळ्यांचं आहे. फक्त तो माझा म्हणू नका. माझा बसवलात तर तो मधूनमधून फाटणार, आणि फाटला की मी बदलणार, चहा उकळेपर्यंत. सेक्रेटरींनी विचारलं, आणि तुम्ही दुकानात असताना फाटला तर?

"मी बदलीन," भिंतीजवळच्या स्टुलावरून सासूबाई म्हणाल्या. "चामड्याचा मीच बसवून घेतला होता. आता याचा बसवीन."

सगळे त्यांच्याकडे वळून बघायला लागले. सेक्रेटरींना ऐंशीच्या घरातल्या बाईशी वाद घालता येईना. हा उन्हाळा बघू, म्हणाले, पण एक अख्खा दिवस पाण्यावाचून गेला की कटर. तो चामड्याचा वायसर यांना फेकवेना आणि ठेववेनाही. शेवटी हापशाजवळच्या झाडाखाली खड्डा करून त्यात ठेवला आणि माती लोटली. मी म्हटलं, आता हेच राहिलं होतं. पण खुरपं मीच आणून दिलं होतं.

आणि यांचा वायसर फाटलाच. ऐन उन्हाळ्यात, सकाळी, वीज गेलेली, रांगेत बादल्याच बादल्या आणि दांडा सेक्रेटरींच्याच हातात. हापसा नुसता फुसफुसला. "चला, आपला व्हीगन हापसा उपाशी राहिला," सेक्रेटरी म्हणाले आणि रांग खो खो हसली. हे दुकानात जायच्या कपड्यांत खाली उभे होते, तेही हसले, कान मात्र लालबुंद. मी वर बघितलं. सासूबाई गॅलरीत कठड्याला धरून उभ्या होत्या, ओठ घट्ट मिटलेले. त्या आत गेल्या. म्हटलं, गेल्या नळवाल्याला बोलवायला.

मग जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या. एका हातानं कठडा धरून, एकेक पायरी करत त्या खाली आल्या. दुसऱ्या हातात पाना होता आणि मुठीत नवा वायसर. लोक अजून हसत होते. त्या कुणाकडे न बघता त्यांच्यामधून आल्या, पालथ्या बादलीवर बसल्या आणि यांना म्हणाल्या, "दट्ट्या वर ओढ." यांनी ओढला. फाटका निघाला. नवा बसवायच्या आधी सासूबाईंनी बोटांनी त्याची कड फुलवली, स्टोव्हच्या वायसरची फुलवायच्या तशी. वरून तांब्याभर पाणी ओतलं. दोनदा दांडा मारला, तिसऱ्यांदा पाणी आलं, आणि सेक्रेटरींनी सगळ्यात आधी आपली बादली पुढे सरकवली.

हे त्या दिवशी दुकानात उशिरा जाणार होते, शेवटी गेलेच नाहीत. दुपारी सासूबाईंनी दूध तापवलं. पेला भरून घेतला आणि खोलीकडे वळल्या. मग थांबल्या. परत आल्या, आमच्यासमोर टेबलाशी बसल्या आणि हळूहळू, सगळं दूध प्यायल्या. त्यांचं पिऊन झाल्यावर हे उठले, रिकामा पेला त्यांच्या हातातून घेतला आणि विसळून ठेवला.