साहेबांची खुर्ची

माझ्या धाकट्या भावाला लोक 'हलू नका' म्हणून ओळखतात. तोंडावर नाही, पाठीमागे. आमचं सोफे आणि खुर्च्या भरून द्यायचं दुकान आहे. तो भरतो, मी कव्हरं शिवते. खुर्ची तयार झाली की गिऱ्हाइकाला तो तिच्यात बसवतो, समोर उभा राहतो आणि नुसता बघतो. गिऱ्हाईक जरा चुळबुळलं, एकदा डावीकडे सरकलं, एकदा पाठ उचलून पुन्हा टेकली, की संपलं. खुर्ची परत आत. मग काढ खिळे, उसव कव्हर, काप फोम. बसलेल्या माणसाला हलावंसं वाटलं म्हणजे काम फसलं, असं त्याचं ठाम मत. गिऱ्हाईक काकुळतीला येऊन सांगतं, अहो, छान झालीय, मला घाई आहे. हा म्हणतो, हलू नका, बघू द्या. मला त्याचा वैताग येतो, कारण उसवलेलं कव्हर पुन्हा शिवणं माझ्याच वाट्याला येतं. पण या कामात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नाही, हे मीही नाकारत नाही.

आम्ही दुकानाच्या मागच्याच खोल्यांत राहतो. तो, त्याची बायको आणि मी. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं इथे सांगायची गरज नाही. त्यांना मूल झालं ते लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. भावजय तोवर एका कुरिअरच्या कचेरीत पार्सलांची वाटणी करायची आणि तिथे तिच्या शब्दाबाहेर जायची कोणाची टाप नव्हती. रजा संपली की परत यायचं असं सांगून ती बाहेर पडली होती. ती परत गेलीच नाही, कारण पोर घरी आलं आणि घरातलं सगळं ओलं झालं.

लहान मुलं दूध टाकतातच, असं आम्हाला ज्याने त्याने सांगितलं. टाकतात, मान्य. पण हे पोर टाकत नव्हतं, फेकत होतं. पाजून खांद्यावर घ्यावं तर खांद्यावरून पलीकडच्या भिंतीवर. पाठ मागे ताणून, चेहरा लाल करून असं किंचाळायचं की दुकानातलं गिऱ्हाईक दचकून उभं राहायचं. भूक लागलेली असायची तरी बाटली दिसली की मान फिरवायचं. दूध आत जाताना दुखतं आणि बाहेर येताना जळतं, हे त्या एवढ्याशा जिवाला कळून चुकलं होतं. वजन काही केल्या वाढेना. भावजयीच्या केसांना, माझ्या खांद्याला, उश्यांना, सगळ्या घराला एक आंबट वास लागला. नव्या कापडाचा एक अख्खा गठ्ठा मी त्या वासापायी फेकला.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. ज्यांनी जन्मात कधी पोराचा लंगोट बदलला नव्हता, ते पुरुषही दुकानाच्या दारात उभे राहून आम्हाला बाळ कसं धरावं ते शिकवून गेले. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, आईचंच काहीतरी बाधत असेल. त्या दिवसापासून भावजयीने अर्ध्या गोष्टी खाणं सोडलं. ती वाळत गेली, पोर ओकत राहिलं, आणि काकू जेवून-खाऊन सुखात होत्या. काकूंवरचा माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

मुलांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पोटातलं वर येतंय. अन्ननलिकेच्या खालचं तोंड अजून सैल आहे, ते नीट मिटत नाही. बहुतेक मुलांचं हे वय वाढलं, मूल बसायला लागलं की थांबतं, पण याचा त्रास जास्त आहे. त्यांनी औषध दिलं, दूध थोडं थोडं आणि जरा घट्ट करून पाजायला सांगितलं. पाजल्यावर थोडा वेळ उभं धरा आणि झोपवाल तेव्हा सपाट गादीवर, पाठीवर झोपवा, असं बजावलं. धाकट्याने त्यातलं 'उभं धरा' तेवढं उचललं. 'थोडा वेळ' हे शब्द त्याच्या कानाच्या बाहेरूनच परतले.

त्याने पोराची मापं घेतली. गिऱ्हाइकाची घेतो तशीच, गंभीरपणे. मानेपासून कमरेपर्यंत, कमरेपासून गुडघ्यापर्यंत, काखेतून काखेपर्यंत. मग दुकानाचं बाकी काम बाजूला सारून त्याने एक खुर्ची केली. पाठीला उतार असा की पोर ना पुरतं आडवं होईल ना बसेल. दोन्ही कुशींना मऊ फोम, डोक्याला दोन्हीकडून टेकू, मांड्यांच्या मधे छोटी गादी म्हणजे घसरायला नको, छातीवर रुंद पट्टा. कव्हर मी शिवलं, धुता येईल असं. पोराला तिच्यात ठेवलं आणि धाकटा समोर उभा राहिला.

पोर हललं नाही. किंचाळलंही नाही. दूध पोटात राहिलं.

माझ्या भावाला मी रडताना पाहिलं ते त्या दिवशी. आईबाप गेले तेव्हाही तो असा रडला नव्हता. भावजय खाली जमिनीवरच बसली आणि तिथेच बसल्या बसल्या झोपी गेली. त्या खुर्चीने आम्हाला घर परत दिलं, हे नंतर कोणी काहीही म्हणो, खरं आहे. हिशोबात ते धरायलाच हवं.

पोराचं नाव 'साहेब' पडलं. खुर्चीत रेलून, जगाकडे अर्ध्या डोळ्यांनी बघत, कोणाचंच ऐकायचं नाही असं ठरवल्यासारखा तो पडलेला असायचा. धाकटा कामावरून मान वर करून विचारायचा, काय साहेब, आज सही करणार की नाही? गिऱ्हाइकं हसायची. किती शहाणं बाळ, म्हणायची, आमचं तर क्षणभर एका जागी ठरत नाही. धाकट्याची छाती फुगायची. साहेब वाढले तशी खुर्चीही वाढली. तो उसवायचा, सैल करायचा, पुन्हा भरायचा. माप नेहमी नेमकं, कुठेही बोटभर जागा मोकळी नाही. दुपारची झोपही साहेब खुर्चीतच घ्यायला लागले. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं याची मी आठवण करून दिली तर म्हणाला, डॉक्टरांना ओकारी पुसावी लागत नाही.

भावजयीला पहिल्यांदा खटकलं ते शेजारच्या पोरीमुळे. ती साहेबांपेक्षा थोडी धाकटीच. ती जमिनीवर पालथी पडून डोकं वर काढायची, हाताला लागेल ते तोंडात घालायची. साहेबांना खुर्चीतून उचललं की मान एकीकडे पडायची. खुळखुळा समोर धरला तर बघायचे, पण हात पुढे यायचा नाही. मुठी घट्ट मिटलेल्या. भावजय चटई अंथरून त्याला पालथा घालायची, तो किंचाळून ओकायचा, आणि धाकटा दुकानातून धावत येऊन त्याला उचलून पुन्हा खुर्चीत ठेवायचा. यावरून रोज वाजायचं. ती म्हणायची, जरा रडू द्या त्याला. हा म्हणायचा, एवढं कष्टाने बसवलंय ते बिघडवायचंय का तुला? बाकीचे सगळे म्हणत होते, मुलगे उशिराच करतात सगळं. अमुक तमुक तर फार उशिरा चालला आणि आज बघा कसा पळतो. असा एक पळणारा अमुक तमुक प्रत्येकाच्या घरात निघतोच.

शेवटी ती धाकट्याला न सांगता लहान मुलांना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे गेली. मला बरोबर नेलं. बाईंनी साहेबांना चटईवर उलटसुलट करून पाहिलं, हात-पाय वाकवून पाहिले आणि विचारलं, दिवसभर हा कुठे असतो? भावजयीने खुर्चीचं वर्णन केलं. बाई ऐकून घेत राहिल्या. मग त्या सौम्यपणे म्हणाल्या की मूल चुळबुळ करतं, पडतं, रागावतं, त्यातूनच त्याच्या मानेत आणि पाठीत जोर येतो. याला कशासाठीही जोर लावावा लागला नाही. आजपासून जागा असेल तेवढा वेळ जमिनीवर. ओकला तर पुसा.

घरी येऊन भावजयीने साहेबांना माझ्याकडे दिलं आणि सरळ दुकानात गेली. गिऱ्हाईक होतं, तरी थांबली नाही.

"तुम्ही त्याला हलूच दिलं नाहीत," ती म्हणाली. "माझ्या पोराची तुम्ही उशी करून ठेवलीत."

गिऱ्हाइकाने काढता पाय घेतला. त्याच संध्याकाळी धाकट्याने खुर्ची फोडली. कात्रीने नाही, हातांनी. फोमचे तुकडे सगळ्या दुकानभर. ते मीच गोळा केले. कव्हर शिवणाऱ्या हाताला मात्र कोणी काही म्हणालं नाही.

त्यानंतरचं जवळजवळ वर्ष मला कोणी परत दिलं तर मी घेणार नाही. धाकटा खुळ्यासारखा मागे लागला. दुकान उघडायच्या आधी चटईवर, जेवायच्या आधी चटईवर. स्वतः पालथा पडून साहेबांच्या तोंडासमोर तोंड नेऊन खुळखुळा वाजवायचा. साहेब रडायचे, ओकायचे, हा पुसायचा आणि पुन्हा पालथं घालायचा. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून समोर उभं राहणं त्याने बंद केलं. कशी झालीय, एवढंही विचारेना. काम खराब व्हायला लागलं आणि ते त्याला कळत होतं.

भावजय त्याला सोडत नव्हती. जेवताना, कपडे वाळत घालताना, पाहुण्यांसमोर, जागा मिळेल तिथे खुर्चीवरून टोचायची. साहेबांनी कोणाकडे बघून हसायला वेळ लावला, खुर्ची. बोबडे बोल फुटेनात, खुर्ची. एकदा तिला मी म्हटलं, पुरे कर आता, माणूस मरेल. ती म्हणाली, "ताई, मरू देत. मला कोणावर तरी ओरडायचंय." मी शिवायला बसले.

मान थोडी सावरली. टेकू दिला तर साहेब क्षणभर बसायला लागले. आणि मजा बघा, ओकणंही हळूहळू कमी झालं, ज्यासाठी सगळं रामायण घडलं होतं ते. पण मुठी उघडेनात. पाय कात्रीसारखे एकमेकांवर जायचे, लंगोट बदलताना ते सोडवायला ताकद लागायची. ते मऊ पडायचे सोडून दिवसेंदिवस ताठ होत चालले. व्यायामाच्या बाई आता कमी बोलायच्या. एक दिवस त्यांनी आम्हाला मोठ्या हॉस्पिटलात, मुलांच्या मेंदूचे विकार बघणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं.

तिथे साहेबांच्या डोक्याचे फोटो काढले. निकाल सांगायच्या दिवशी आम्ही तिघेही गेलो. खोली लहान होती, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं होती आणि खुर्च्या इतक्या वाईट भरलेल्या होत्या की एरवी धाकट्याने बसायच्या आधी हात फिरवून नाक मुरडलं असतं. तो काठावर टेकून बसला. साहेब भावजयीच्या मांडीवर.

डॉक्टरबाई वयाने माझ्याएवढ्या. त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं आणि साध्या शब्दांत सांगितलं. मेंदूच्या या भागाला इजा झालेली आहे, आणि ती जन्माच्या आधी किंवा जन्मताना झालेली आहे. हात-पाय ताठ होणं, मान उशिरा धरणं त्यातूनच आलं. एवढा त्रास होऊन दूध वर येत होतं तेही बहुधा त्याचाच भाग, गिळण्याचे आणि पोटाचे स्नायूही मेंदूचंच ऐकतात. इजा वाढणार नाही, पण ती जाणारही नाही. व्यायामाने फरक पडेल, तो चालू ठेवायचा. तो पुढे किती करू शकेल हे आज सांगता येणार नाही.

धाकट्याने विचारलं, "पण खुर्चीमुळे किती?"

त्यांना व्यायामाच्या बाईंकडून सगळं कळलं होतं. त्या म्हणाल्या, "खुर्चीमुळे थोडा उशीर झाला असेल, तो तुम्ही भरून काढलात. हे खुर्चीमुळे झालेलं नाही. तुम्ही ती केली नसती तरी हे असंच असतं. तुमची चूक नाही."

मला वाटलं, आता हा मोकळा श्वास घेईल. वर्षभर ज्या ओझ्याखाली वाकला होता ते कोणीतरी उतरवून खाली ठेवलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "तुम्ही ती खुर्ची बघितली नाहीत."

तो उभा राहिला आणि सांगायला लागला. पाठीचा उतार किती होता, कुशींना फोम कसा दाबून भरला होता, डोक्याला टेकू, छातीला पट्टा. हात हवेत धरून मापं दाखवायला लागला. त्यात मोठं माणूसही हललं नसतं, म्हणाला. जोर लावायला जागाच ठेवली नव्हती मी. जमिनीवर ठेवून आता कुठे वर्ष होतंय. उशीर माझ्यामुळे झाला, तर भरूनही निघेल ना? अजून वर्षभर, दोन वर्षं, मी दुकान बंद ठेवतो. "खुर्चीमुळेच झालंय असं म्हणा ना, डॉक्टर."

डॉक्टरबाईंनी भावजयीकडे पाहिलं. नवऱ्याला आवरेल, खाली बसवेल, असं त्यांना वाटलं असणार.

भावजयीने साहेबांना छातीशी धरलं. "हे बरोबर सांगतायत," ती म्हणाली. "मी तेव्हापासून ओरडत होते. ह्यांच्या खुर्चीमुळेच झालंय सगळं. तुम्ही नीट बघा ना पुन्हा."

वर्षभरात पहिल्यांदाच त्या दोघांचं एकमत झालं होतं. तो तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघंही डॉक्टरांकडे बघत राहिले. डॉक्टरबाईंनी पडद्यावरचं चित्र परत समोर आणलं आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या.