रविवारचा होडीवाला

इथले बरेच अनुभव "माझा यावर विश्वास नव्हता" असं म्हणत सुरू होतात आणि शेवटी लिहिणाऱ्याचा विश्वास बसलेला असतो. माझा आधीही नव्हता, आजही बसलेला नाही. रस्त्यात उतारा दिसला तर मी तो ओलांडून सरळ पुढे जाते. त्यामुळे हे वाचून कोणाला साधं, पटणारं कारण सुचलं तर जरूर कळवा — मला ते हवंच आहे. नावं बदलली आहेत. शाळा इंग्लिश मीडियमची, मराठी फक्त घरात बोलण्यापुरतं, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

आमचं घर हुमनाबादला. मी घरूनच एका कंपनीचं काम करते. मागच्या वर्षी माझा चुलतभाऊ संगमेश हैदराबादची नोकरी सोडून परत आला, कारण त्याच्या वडिलांना लकवा मारला होता. ते म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. आम्ही त्यांना कन्नडमध्ये दोड्डप्पा म्हणतो आणि काकूला दोड्डव्वा. दोड्डप्पा धान्याचे अडते. तुरीच्या सौद्यात त्यांचा आवाज मार्केट यार्डाच्या गेटपर्यंत जायचा. लकव्यानंतर उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. एकच शब्द उरला — "व्हय." पाणी पाहिजे का? व्हय. नको का? व्हय.

संगमेशने येताना वीस बाजूंचे फासे आणले होते. हा खेळ इकडे कोणाला माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात आणि पात्र म्हणूनच बोलतात. काही धाडस करायचं असेल तर फासा टाकायचा. जमलं की नाही ते फासा ठरवतो. संगमेश गोष्ट सांगायचा. खेळणारे आम्ही तिघं — मी, माझी शाळेपासूनची मैत्रीण फरहीन, आणि दुबलगुंडीचा महेश, जो सोयाबीनची शेती करतो आणि पहिल्या दिवशी पोट धरून हसला होता.

"म्हंजे आपण बसून नुसतं बोलायचं? अन् त्याला गेम म्हणायचं?"

"तेरेकू वो बी जमता नै," फरहीन म्हणाली.

जमलं मात्र त्यालाच सगळ्यात आधी. मला वेळ लागला. मी चारचौघांत बोलत नाही. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसते, फोन उचलण्याआधी वाक्य मनात जुळवून घेते. पण माझं पात्र मैना — खोटी कागदपत्रं घेऊन फिरणारी, तोंडाळ, कोणालाही न घाबरणारी — तिला वाक्यं जुळवावी लागत नसत. तिने एकदा एका राजाला भर दरबारात गप्प केलं, तेव्हा महेशने टेबलावर थाप मारली होती. वर्षभरातला माझा सगळ्यात चांगला दिवस तो. वाईट दिवसही होते. एका घोड्यावरून फरहीन आणि महेश इतके भांडले की त्यानंतर दोन-तीन रविवार खेळच झाला नाही. घोडा अर्थातच खरा नव्हता.

दोड्डव्वा रविवारी दुपारी बाजाराला जायची आणि दोड्डप्पांजवळ कोणीतरी पाहिजे असायचं, म्हणून आम्ही त्यांच्याच खोलीत टेबल मांडायचो. ते पलंगावर उशीला टेकून बसलेले असायचे. ऐकत होते की नाही, कोण जाणे.

त्या दुपारी आमच्या गोष्टीत नदी आली. काठावर एक होडी होती.

"होडीवाल्या," महेश म्हणाला, "पलीकडं सोडशील का?"

संगमेश उत्तर द्यायला तोंड उघडतोय तोच पलंगावरून आवाज आला —

"आधी नाव सांगा. मग पाय ठेवा."

स्वच्छ. खणखणीत. मी लहानपणापासून ऐकलेला आवाज.

संगमेशने "अप्पा" म्हटलं नाही. तो माझ्याकडे बघायला लागला. का कोण जाणे, पण मैनाने सांभाळून घेतलं. "मी मैना. हे दोघं माझे नोकर."

"नोकरं लई खाल्ल्याली दिसायलेत," दोड्डप्पा म्हणाले. "मैना, तू म्होरं बस. ह्या जाड्याला मधी बसवा, न्हाईतर होडी कलंडंल."

महेश रडता रडता हसला. होडी पलीकडे लागली आणि संगमेश धावत पलंगाजवळ गेला. "अप्पा! अप्पा, बोला की!"

"व्हय," दोड्डप्पा म्हणाले. आणि परत, "व्हय."

कलबुर्गीला ज्या मॅडम त्यांना बोलण्याचे व्यायाम द्यायच्या, त्यांना आम्ही हे सांगितलं. त्यांना फार नवल वाटलं नाही. बोलता न येणारी काही माणसं गाणं म्हणू शकतात, पाठ असलेली वचनं, प्रार्थना म्हणू शकतात, मेंदूचा रस्ता वेगळा असतो, असं म्हणाल्या. मला तर अजिबातच नवल वाटलं नाही. दुसरं कोणी झाल्यावरच तोंड फुटतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार... इथपर्यंत सगळ्याला कारण आहे.

त्यानंतर आमची गोष्ट त्या नदीवरच अडकली. दर रविवारी संगमेश काहीतरी निमित्त काढायचा. पलीकडे गेलो की लगेच काहीतरी विसरलेलं असायचं, पूल पडलेला असायचा, शत्रू मागे असायचा. होडीवाला दर वेळी नावं विचारायचा आणि एकेकाला नावाने हाक मारून होडीत घ्यायचा. मग खेळ थांबायचा आणि व्हय.

"बारा गावचं पाणी झालं, पर आपण हीच नदी वलांडायलोत," महेश एकदा बाहेर चप्पल घालताना म्हणाला. फरहीनलाही कंटाळा आला होता. तरी दोघं येत राहिले.

दोड्डव्वा बाजाराला जायची बंद झाली. दाराशी बसून ऐकायची. आमचं फिरणं, लढाया यातलं तिला काही कळायचं नाही, ती फक्त हाकांची वाट बघायची. एकदा भाजी निवडताना मला म्हणाली, "सगळ्यांला हाक मारायलेत. फरहीनला बी मारायलेत. मी रातंदिस संगं हाय, मला एकदा हाक मारू द्या की."

"मग तू पण खेळायला बस ना," मी म्हटलं.

"ह्या वयात? लोक काय म्हणतील!"

पण पुढच्या रविवारी ती धुतलेलं लुगडं नेसून टेबलाशी येऊन बसली. पदर डोक्यावर. महेशने खुर्ची सरकवली. "या दोड्डव्वा. तुमी राणी व्हा."

"राणी कामून? मी आपली बाजाराला जाणारी बाई."

संगमेशने गोष्ट सुरू केली. तिन्हीसांज, नदी, काठावर एक नवीन बाई. दोड्डव्वाने पात्राच्या नावाचा विचारच केला नव्हता, असं तिने नंतर सांगितलं. तिला वाटलं होतं, होडीवाला विचारेल, ती आपलं खरं नाव सांगेल — सुवर्णा — आणि ते त्याच नावाने हाक मारतील. तेवढंच तिला हवं होतं.

होडीवाल्याने विचारलंच नाही. तो म्हणाला —

"तिप्पव्वा, पाय जपून ठेव. मधी बस."

संगमेश हसला. त्याला वाटलं, अप्पांनी नवीन पात्र बनवलं. महेश म्हणाला, "घ्या, अप्पांनी बारसं बी करून टाकलं." मी दोड्डव्वाकडे बघत होते. तिने टेबलाची कड धरली होती. मग ती उठली, पलंगापाशी गेली आणि त्यांच्या तोंडाजवळ वाकून हळूच म्हणाली, "काय म्हणलाव?"

"व्हय," दोड्डप्पा म्हणाले.

त्यानंतर होडीवाला परत बोलला नाही. आम्ही नदीवर आणखी काही रविवार काढले. शेवटी दोड्डव्वाच म्हणाली, "आता म्होरं चला रे पोरांनो." आता आमची गोष्ट डोंगरात आहे.

नंतर मेथी निवडताना ती मला जे बोलली ते तिने संगमेशलाही सांगितलेलं नाही. इथे लिहायची परवानगी तिनेच दिली.

कन्नडमध्ये तिप्पे म्हणजे उकिरडा. दोड्डव्वाच्या आधीची भावंडं जन्मली तशी गेली होती, म्हणून ती झाल्यावर तिच्या आईने तिला उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि तिप्पव्वा म्हणायला लागली. टाकलेलं पोर कोणी नेत नाही, अशी समजूत. शाळेत घालताना सुवर्णा नाव लावलं. पोरी चिडवतील म्हणून तिने आईला शपथ घातली होती, लोकांत हे नाव परत काढायचं नाही. वडील ती लहान असतानाच गेले, आई लग्नाआधीच वारली. मागे भाऊ नाही, बहीण नाही. सासरी आल्यावर तिने ते नाव लाजेने कधी तोंडातून काढलं नाही. नवऱ्यापाशीसुद्धा.

"मला ह्यांची हाक पाहिजे व्हती," ती म्हणाली. "आवाज ह्यांचाच व्हता, पोरी. पर त्या नावानं मला एकच माणूस हाक मारत व्हतं."

मी कारणं शोधली. माहेरचं कोणी कधी दोड्डप्पांना बोललं असेल. ती म्हणाली, जाणणारं कोणी उरलंच नव्हतं. मग मी म्हटलं, इतक्या वर्षांचा संसार, कधी झोपेत तूच बोलली असशील.

तिने माझ्याकडे बघितलं. हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"झोपेत आपलं आपल्यालाच कोण हाक मारतंय गं?"

त्या वेळी मैनालाही काही सुचलं नसतं. दोड्डव्वा अजून दर रविवारी टेबलाशी येऊन बसते, फासा टाकते, हरली की चिडते. तिला तिची हाक मिळाली की नाही, हे ती मला सांगत नाही... मीही विचारत नाही.