एप्रिल वकील

मार्चचा शेवटचा पंधरवडा लागला की आमचे वकीलसाहेब पैशाला हात लावीत नसत. पक्षकाराने नोटा पुढे केल्या, तर ते हात पाठीमागे बांधून म्हणत, "एक तारखेनंतर या." परभणीच्या कचेरीत त्यांना 'एप्रिल वकील' म्हणत. मी त्यांचा मुनशी होतो, आणि मला ते कधीच आवडले नाहीत.

संस्थानाच्या विलीनीकरणानंतर आयकराचा नवा कायदा आमच्याकडे आला होता. साहेबांचा हिशेब रोखीचा. जे हातात पडेल ते त्या वर्षाचे उत्पन्न, आणि वर्ष संपे एकतीस मार्चला. कमाई चांगली झालेली असली, की कर वाढू नये म्हणून उरलेली फी ते पुढच्या वर्षावर ढकलत. खर्चाचे उलट. माझा एप्रिलचा पगार ते मार्चमध्येच देऊन टाकत. तो मार्चमध्येच संपे आणि एप्रिलभर मी उसनवारी करी.

यात बेकायदा काही नव्हते. पण फी घेतल्याशिवाय वकीलपत्रावर सही करायची नाही, हाही त्यांचाच नेम.

एका वर्षी चुडाव्याचा राणबा आला. मेंढरे राखणारा माणूस. पाच एकरांचा निकाल त्याच्या विरुद्ध गेला होता आणि अपिलाची मुदत तीस मार्चला संपत होती. तो सत्तावीसलाच मेंढरे विकून आला.

"साहेब, पैसे आणलेत. तेवढं अपील टाका."

"एक तारखेनंतर या."

मी मध्ये पडलो. "मुदत जाईल, साहेब. पैसे चार दिवस माझ्याकडे राहू द्या."

"तुमच्या हातात आले म्हणजे माझ्याच हातात आले, मुनशी. आणि उशीर माफ करून घेता येतो."

दुसरा वकील गाठ, असे मी राणबाला सांगायला हवे होते. नोकरी जाईल या भीतीने गप्प बसलो.

दोन एप्रिलला साहेबांनी फी मोजून घेतली आणि उशीर माफ करण्याचा अर्ज मला सांगितला: पक्षकार तापाने अंथरुणाला खिळला होता. मी लिहिला. राणबाने अंगठा उठवला. त्याला कुणी वाचून दाखवले नाही.

न्यायाधीशांनी त्याला विचारले, "ताप किती दिवस होता?"

"मला ताप न्हवता, सरकार. मी सत्तावीसलाच पैसे घेऊन आलतो. साहेबच म्हनले, एप्रिलात या."

अर्ज खोटा ठरला. अपील गेले, पाठोपाठ जमीन गेली. "याला बोलायची अक्कल नाही," साहेब बाहेर येऊन म्हणाले. फी त्यांनी परत केली नाही. त्याच दिवशी मी नोकरी सोडली. पुढे ते वारले, तेव्हा मी गावात असूनही गेलो नाही.

मध्यंतरी राणबा चुडावा स्टेशनवर भेटला. दुसऱ्याची मेंढरे राखत होता.

"मुनशीजी, त्यो ताप कुनी लिवला हो?"

"मी," मी म्हणालो.

 तो मेंढरे वळवून रुळापलीकडे निघून गेला.