मस्कत ते मुंबई, पावणेतीन तास

इस्लामपूरच्या एसटी स्टँडवर यल्लाप्पा कांबळे कंट्रोलर होते. कुठल्या गाडीला किती वेळ, हे त्यांना तोंडपाठ. उशिराचं कारण ड्रायव्हर सांगेल ते लिहून घ्यायचे, उलटतपासणी नाही. रस्त्यावर तो होता, आपण खुर्चीत. शंका कशाला घ्यायची, असा त्यांचा खाक्या. विश्वास ठेवायची ही खोड त्यांना घरी नडली.

१९९३ च्या उन्हाळ्यात त्यांची बायको भामाबाई अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी हात टेकले. एकुलता एक मुलगा प्रबुद्ध मस्कतला नोकरीला. सोमवारी सकाळी यल्लाप्पांनी एसटीडी बूथवरून फोन लावला.

"आबा, आजच निघतो," प्रबुद्ध म्हणाला. "पर इमान लय फिरून येतं. मुंबईलाच दोन दिस लागत्यात."

यल्लाप्पांनी आयुष्यात विमानतळ पाहिला नव्हता. पोरानं सांगितलेली वेळ त्यांनी मनात टिपून घेतली, आणि त्यावरून बायकोला मुक्काम सांगू लागले.

"आवं, कुठवर आला?" ती तासातासाला विचारायची.

"निम्मा समुद्र सरला बघ."

बुधवारी सकाळी त्यांनी सांगितलं, "मुंबईला उतरला. आता गाडीत बसला आसंल." भामाबाईनं शेजारच्या रंगूबाईकडून वेणी घालून घेतली. पोराला उकडीचे शेंगोळे करून ठेवा म्हणाली. दुपारी दाराकडं बघत बघतच गेली बिचारी. दुसऱ्या दिवशी मस्कतहून निरोप आला, विमानच रद्द झालं होतं. यल्लाप्पांनी तेही खरं मानलं. उलट पोराचीच कीव केली.

वर्षभरानं दादासो सुट्टीवर आला. प्रबुद्धच्याच कंपनीतला, वाळव्याचा. स्टँडवर उतरून यल्लाप्पांच्या पाया पडला.

"दोन दिस परवासात गेलं आसतील, दमला आसशील," यल्लाप्पा म्हणाले.

"कुठलं दोन दिस, तात्या? मस्कत-मुंबई साडेपंधराशे किलोमीटर, पावणेतीन तासांत इमान उतारतं. माझा वेळ गेला तो मुंबईपास्नं हितं येण्यात."

पावणेतीन तास. सातारा गाडी कऱ्हाडला चहाला रेंगाळली तर तेवढाच वेळ घेते. यल्लाप्पा बाकड्यावर बसले.

"माझी बायको गेली तवा इमान बंद व्हतं का रं?"

दादासो चाचरला. मग खाली बघून म्हणाला, "न्हाई तात्या. सायबानं रजा बी दिली व्हती. पर परबुद्ध म्हणला, आई गेली की आबा एकलं पडणार, मग मला परत सोडायचं न्हाईत."

यल्लाप्पा तडक बूथवर गेले. संताप असा की नंबर दोनदा चुकला. पलीकडं प्रबुद्ध आला. "पावणेतीन तास," एवढंच ते बोलले.

"आबा, चुकलं माझं. भ्यालो व्हतो मी."

"तू आला न्हाईस, ते मी गिळलं आसतं रं. पर तुजं खोटं तू माझ्या तोंडनं तिला सांगाय लावलंस. एकतीस वरसांत तिनं माझ्या सबदावर कवा शंका घेतली न्हाई. मरताना बी न्हाई घेतली."