तीन कोटेशनं आणि एक मेमरी कार्ड

माझ्या वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी मी सातशे बारा फोटो काढले. त्यांपैकी एकाही फोटोत माझे वडील नाहीत.

वडिलांना आम्ही तात्या म्हणतो. नोकरीसाठी दिल्लीत आले ते इथलेच झाले. निवृत्तीनंतर आईसह मयूर विहारच्या एका सोसायटीत राहतात. मी, बायको सुनेत्रा आणि मुलगी ईशा आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. तात्यांनी ऐंशी ओलांडली, हजार पौर्णिमांचे चंद्र पाहून झाले, तेव्हा सोसायटीच्या हॉलमध्ये रीतसर औक्षण आणि जेवण करायचं ठरलं. फोटोग्राफर बोलवायचा विषय निघताच मी हात वर केला. (माझ्याकडे चांगला कॅमेरा आहे. हे वाक्य मी जितक्या वेळा उच्चारलंय, तितके फोटो त्या कॅमेऱ्याने काढले नसतील.)

आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "हे बघ मिलिंद, मला एकच फोटो हवाय. तात्या आणि अण्णा भावजी, शेजारी शेजारी, हसताना. मोठा करून भिंतीवर लावायचाय. बाकीचे नाही काढलेस तरी चालतील."

अण्णाकाका म्हणजे तात्यांचे थोरले भाऊ. नाशिकला असायचे. दोघं भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण एक पेटी. आजोबांची हार्मोनियम काकांनी तात्यांना न विचारता देवळाला देऊन टाकली, एवढंच! आता काका पंच्याऐंशीचे, दोनदा हृदयाचं दुखणं होऊन गेलेलं. आईने तीन महिने फोन करकरून त्यांना दिल्लीला यायला तयार केलं होतं. ही संधी पुन्हा येणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. म्हणून तर हे लिहिताना मान वर होत नाही.

जबाबदारी मोठी, तेव्हा मेमरी कार्ड नवीन हवं. मी महिनाभर अभ्यास केला. कार्डावरच्या बारीक आकड्यांचा अर्थ समजून घेतला. लिहिण्याचा वेग वेगळा, वाचण्याचा वेगळा, आणि दुकानदार सांगतो तो तिसराच, हेही कळलं. पण माझा घात केला माझ्या नोकरीने. मी एका मंत्रालयाच्या खरेदी विभागात आहे. सव्वीस वर्षं एकच काम: तीन कोटेशनं मागवायची, ज्याचा दर सर्वात कमी तो 'एल-वन', आणि ऑर्डर एल-वनला. घरातला कुकर, कूलर, पडदे, सगळे एल-वन. (कुकरची शिट्टी होत नाही, तो नुसता उसासे टाकतो.)

ईशा म्हणाली, "बाबा, यार, कार्ड असं नाही घेत. चांगल्या दुकानातून बिल घेऊन घे. आणि एक मोठं नको, दोन छोटी घे. एक गेलं तर दुसरं तरी राहील."

"तिन्हींवर दोनशे छप्पन जीबीच लिहिलंय. स्पेसिफिकेशन सेम असेल तर एल-वनला डावलता येत नाही. ऑडिट लागतं."

"घरात कोण करणार ऑडिट?"

"मी आहे की," सुनेत्रा स्वयंपाकघरातून म्हणाली.

एल-वन होता फूटपाथवर छत्रीखाली बसणारा एक माणूस. त्याने कार्डाबरोबर एक कार्ड रीडरही गळ्यात मारला. "सर, बिल्कुल ओरिजिनल." बिल मागितल्यावर मात्र त्याने माझ्याकडे अशा दुखावलेल्या नजरेने पाहिलं, की मीच त्याला सॉरी म्हणालो.

घरी आल्यावर चाचणी घेतली. बाल्कनीतली कबुतरं, कूलर, शेजाऱ्यांची स्कूटर, असे अडीचशे फोटो. सगळे उत्तम! ते मी पुसले नाहीत. कागद नष्ट करायची आमच्याकडे पद्धत नाही.

समारंभाला मी घामाघूम होऊन धावत होतो. रिकामी खुर्ची, रांगोळी, निरांजनांचं ताट, सगळं टिपलं. मग अण्णाकाका काठी टेकत आले. तात्या उठले. काका म्हणाले, "वसंता, किती रे वाळलास!" आणि तात्यांनी, ज्यांना मी आजीच्या अंत्ययात्रेतसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं, त्यांनी काकांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मग पेढा भरवणं, हसणं, डोळे पुसणं. मी चाळीस फोटो काढले. आई लांबून खुणेने विचारत होती, "आला का?" मी अंगठा दाखवला.

आणि आता माझा खरा अपराध. लोक मोबाइल काढायला लागले तेव्हा मी माइक हातात घेऊन सांगितलं, "कृपया सर्वांनी मोबाइल खाली ठेवावेत. फ्रेममध्ये येतात. फोटो मी सगळ्यांना पाठवीन." मराठी माणसं शिस्तीची! सगळ्यांनी ठेवले.

संध्याकाळी तात्यांच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसले. मी लॅपटॉप जोडला, रीडरमध्ये कार्ड सरकवलं. पहिला फोटो: कबुतर. दुसरा: तेच कबुतर, पाठमोरं.

"अरे वा," अण्णाकाका म्हणाले. "छान आहे. आम्ही कुठे आहोत?"

"येतोय काका, येतोय." कूलर आला. स्कूटर आली. मग हॉलमधली रांगोळी आणि रिकामी खुर्ची आली. पुढे नुसते करडे चौकोन. एक, दोन, दहा, शंभर. प्रत्येकाला नाव होतं, नंबर होता, आत काही नव्हतं.

"रीडर खराब असेल," मी म्हणालो. शेजारच्यांचा रीडर आणला. तेच! खालच्या मजल्यावरून तिसरा आणला. तेच! शेवटी ईशाने कार्ड हातात घेतलं, लॅपटॉपवर काहीतरी तपासलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, नकली आहे. वर दोनशे छप्पन लिहिलंय, आत फक्त आठ. आठ भरल्यावर हे फोटोचं नाव लिहून घेतं, फोटो ठेवत नाही."

म्हणजे अगदी आमच्या ऑफिसच्या आवक विभागासारखं! पोच मिळते, कागद कधीच सापडत नाही. पण हे मी मोठ्याने बोललो नाही. आई माझ्याकडे बघत होती. ती काहीच म्हणाली नाही, आणि माझी आई काहीच म्हणत नाही तेव्हा माणसाने सरळ बदलीचा अर्ज करावा.

काकांची गाडी दुसऱ्या दिवशी साडेचारला होती. सकाळी दुकान उघडताच मी बिल घेऊन, कोटेशन न मागवता, चौसष्ट जीबीचं कार्ड आणलं. आईने दोघा भावांना पुन्हा रेशमी झब्बे घालायला लावले, सोफ्यावर शेजारी शेजारी बसवलं, पेढ्यांचा डबा उघडून समोर ठेवला. दोघं छान हसत होते. फक्त बटण दाबायचं बाकी होतं.

पण दुधाने तोंड पोळलेला मी! म्हटलं, आधी कार्ड तपासायचं. पूर्ण भरून, पूर्ण वाचून. त्यासाठी एक प्रोग्रॅम असतो. कार्ड रीडरमध्ये घातलं (रीडर एल-वनचाच, तो कुठे नकली निघाला होता!) आणि चाचणी सुरू केली. लॅपटॉपवर आलं: शिल्लक वेळ तीन तास.

"बाबा, फोनवर एक घेऊ का?" ईशाने विचारलं.

"नको. मोठा करायचाय, फोनचा फाटेल. बस, झालंच."

दहा टक्क्यांवर दोघं भाऊ लहानपणीच्या विहिरीबद्दल बोलत होते. वीसवर काकांनी आजोबांची नक्कल केली. तात्यांना हसून ठसका लागला.

"अहो, आत्ता काढा," सुनेत्रा म्हणाली.

"कशावर काढू? कार्ड आत आहे."

"मग बाहेर काढा!"

"मध्येच काढलं तर चाचणी बाद होते."

पस्तीस टक्क्यांवर आजोबांच्या भजनांचा विषय निघाला. काका गुणगुणले, तात्यांनी मांडीवर ठेका धरला. पन्नासवर तात्या म्हणाले, "बाबांचा हात काय गोड होता पेटीवर."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे. एक्कावन्न.

"ती पेटी आत्ता असती तर..." तात्या म्हणाले.

"आहे ना. देवळात आहे. रोज वाजते."

"कुणाला विचारून दिलीस?"

"दिल्लीला कळवायला हवं होतं का? तीन प्रतींत?"

"भावजी, पेढा घ्या," आई म्हणाली.

"नको मला पेढा."

"अण्णा, ती माझीपण होती."

"पन्नास वर्षांत किती वेळा पुसलीस रे तिच्यावरची धूळ?"

भांडण तासभर चाललं. दोघं आता तोंडं फिरवणार असं दिसताच ईशाने फोन वर उचलला. मी तिचा हात खाली केला. (हो. केला. कारण त्र्याण्णव टक्के झाले होते.)

चाचणी संपली. 'कार्ड निर्दोष.' मी ते कॅमेऱ्यात घातलं, वर पाहिलं. तात्या खिडकीकडे तोंड करून बसले होते, काका दाराकडे. मध्ये पेढ्यांचा डबा.

"तात्या, काका, इकडे बघा ना जरा."

कुणी बघितलं नाही. मी एकच फोटो काढला. काका काठी घेऊन उठले, "चला, गाडी चुकेल," म्हणाले. स्टेशनपर्यंत तात्या गेले नाहीत.

त्या हिवाळ्यात अण्णाकाका गेले. झोपेतच. नाशिकहून चुलतभावाचा फोन आला, "मिलिंद, अलीकडचा एकही फोटो नाही रे आमच्याकडे. तू दिल्लीत काढले होतेस ना? तेराव्याला ठेवायचाय."

माझ्याकडे होता तो एकच. तात्यांची बाजू कापून मी तो मोठा करून नेला. फोटोत काकांचा उजवा कान आहे, अर्धा गाल आहे, आणि राग आहे. एकेक केस मोजून घ्यावा इतका स्पष्ट.

तेराव्याला नाशिकला सगळे फोटोसमोर बसले होते. तात्या आले, हात जोडले, थोडा वेळ त्या कानाकडे बघत राहिले. मग स्वतःची खुर्ची उचलून त्यांनी फोटोच्या बाजूला, काका जिकडे बघत होते तिकडे नेली आणि तिथे जाऊन बसले. जेवणाची पानं वाढेपर्यंत तिथेच होते.

मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी कौतुकाने विचारलं, "फोटो फार स्वच्छ आलाय हो. कुणी काढलाय?"

मी चपला शोधायला लागलो.

"यांनीच," सुनेत्रा म्हणाली. "पूर्ण तीन तास लावले."