इसारपावतीवरची माझी सही

बाबा गेल्यावर कारंज्यातलं घर आम्ही दोघा भावांनी विकायला काढलं. घ्यायला आलं ते गावाबाहेर भाजीपाला पिकवणारं एक जोडपं. स्वयंपाकघरात कपाट बसेल की नाही, ते नवरा भिंतीवर वीत टाकून मोजत होता. बायको हसून म्हणाली, "आधी घर तं होऊ द्या आपलं!" त्याच दिवशी त्यांनी एक लाख रुपये इसार दिला. तीन महिन्यांत खरेदी झाली नाही तर इसार बुडेल, असं दादानं पावतीत लिहून घेतलं. खाली आम्हा दोघांच्याही सह्या.

दोन महिन्यांनी मळ्यात मोटार चालू करताना शॉक लागून तो माणूस गेला.

तेरवी आटोपल्यावर ती एकटीच आली. उंबऱ्याच्या आत काही आली नाही.

"भाऊ, घर घेनाराच गेला. बाकीचा पैसा मी आता कुठून आनू? तेवढा इसार वापस द्या."

दादानं पावती काढली, ते कलम मोठ्यानं वाचलं. "सौदा तुमी मोडून राह्यल्या, बाई. आमी कायले नुकसान सोसावं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमी बी तेच म्हनता काय?"

मी पावतीतच डोकं घालून बसलो.

पुढं तिची वकिलाची नोटीस आली. आम्ही उत्तर दिलं. कोर्टात जायची तिची ऐपत नाही, हे दादाला ठाऊक होतं. मलाही होतं. घर दुसऱ्याला जास्त भावानं गेलं आणि इसाराचे माझे पन्नास हजार पोरीच्या हॉस्टेलला लागले.

चावी देण्याआधी एका दुपारी मी रिकाम्या घरात गेलो. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर हात सरकल्यासारखा आवाज आला. पाल असेल. पण मागं वळून बघायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून तो माणूस माझ्यासोबत आहे, जेवताना, बसमध्ये. बोलत नाही. नुसता मोजत असतो.

वर्षभरानंतर एक दिवस माझी बायको बाजारातून आली. "कोपऱ्यातली ती बाई लई चांगली आहे. नवरा शॉक लागून गेला म्हने तिचा. मेथी घेतली तं सांभाराची जुडी फुकटच देली."

दुसऱ्या दिवशी पतसंस्थेतून पन्नास हजार काढून मी तिच्यासमोर उभा राहिलो. तिनं ते मोजले.

"अन् बाकीचे?"

"ते दादाकडं हायेत."

"सई तं तुमची बी हाये."

बाकीचे मी पगारातून दोन वर्षांत फेडले. दादाला कळलं तेव्हा म्हणाला, "तू मले चोर ठरवलं." तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

शेवटचे पैसे देताना मी विचारलं, "ताई, राग गेला काय?"

"पैसे पोचले, भाऊ," ती म्हणाली. "रागाचं नका इचारू." आणि गिऱ्हाईकाची वांगी तोलू लागली.

त्या कोपऱ्याकडं मी अजून जात नाही. बायको जाते.